मा. श्री. वीस (पटसंख्यावाले) यांस

मुक्काम : शासन निर्णय, मंत्रालय, मुंबई



पत्र कोल्हापुरातून लिहितोय. शाहूवाडीपासून गगनबावडा, राधानगरी, भुदरगड करत चंदगडापर्यंत सह्याद्रीच्या कडेला जे धनगरवाडे आहेत, तिथं मोबाईलची रेंज पोचली नसेल, पण तुमची कीर्ती कधीच पोचली आहे. पट विसाच्या खाली गेला की शाळेचं काही खरं नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे.

तुमची कारकीर्द मोठी देदीप्यमान. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, पुढच्या वर्षी महाराष्ट्राची नियमावली आली आणि तुम्हाला नोकरी लागली. सहा ते अकरा वयाची वीस मुलं असतील, तर एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा हवी, असा तो नियम. तेव्हा तुम्ही शाळा उघडायच्या कामावर होता. मग बढती मिळाली. 21 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानं तुमच्या खालच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचं ठरलं. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखलेही जोडले. राज्यभरातल्या 14,783 शाळा आणि 1,85,467 पोरं एका झटक्यात तुमच्या ताब्यात! पुढच्या वर्षी ऐन शिक्षकदिनी, अशा शाळांतल्या दोन गुरुजींपैकी एक कंत्राटी नेमायचा निर्णय निघाला. गुरुजी खवळले, तेव्हा त्याच महिन्यात तुम्ही निम्मे होऊन दहावर आलात. अंगात एवढी लवचिकता असताना धनगरवाड्यापुढंच एवढे ताठ का हो?

तुमची बाजूही ऐकलीय. चार पोरांच्या शाळेत खेळ रंगत नाही, दोस्त मिळत नाहीत, एकाच गुरुजींना सगळे वर्ग सांभाळावे लागतात. खरं आहे. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाटीवर, डांबरी रस्त्यानं पाच मिनिटांत दुसरी शाळा असेल, तर जरूर एकत्र करा. पण आमच्या पश्चिमेला किलोमीटर उन्हाळ्यात एक असतो आणि पावसाळ्यात दुसरा. गगनबावड्याचा पाऊस तुम्ही पेपरात वाचत असालच. ओढा फुगला की पलीकडची शाळा आणि मुंबई सारख्याच लांब. वाटेत जंगल, जंगलात गवे. सहा वर्षांचं पोर डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन त्या वाटेनं जाईल, असं तुम्हाला वाटतं. त्याच्या आईला वाटत नाही. अडाणी बिचारी!

परिपत्रकात वाहतुकीची सोय करू म्हटलंय. छान. पण गाडी चालायला आधी रस्ता लागतो, आणि तिथं तुमचे चुलते बसलेत, श्री. पाचशे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हिमालयातल्या, ईशान्येकडच्या राज्यांना आणि आदिवासी क्षेत्रांना अडीचशे लोकवस्तीची अट, आम्हाला पाचशेची. म्हणजे घाट चढताना आमच्या म्हशींना धाप लागते ती उगीच; कागदावर सह्याद्री सपाटच आहे. तुमचे आजोबा श्री. तीन हजार आरोग्य खात्यात असतात. डोंगरी भागात तेवढ्या डोक्यांमागं एक उपकेंद्र. तोवर अडलेल्या बाळंतिणीनं घोंगड्याच्या डोलीतून डांबरी गाठावी. धनगरवाड्याची डोकी किती, तर उंबऱ्यागणिक मोजून शंभरभर. तुमच्या घराण्यात कुणाच्याच पंगतीला त्याचं पान नाही.

एवढं झाल्यावर तरणा पोरगा काय करणार? रस्ता नाही म्हणून दूध वेळेत डेअरीला पोचत नाही, म्हणून म्हशी कमी होतात. मग तो गोकुळ शिरगावच्या कारखान्यात जातो, नाहीतर मुंबई-गोव्याच्या हॉटेलात. लग्न झालं की बायको आणि पोरंही जातात. मग तुम्ही हजेरीपट घेऊन येता आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणता, इथं मुलं कमी झालीत हो! मग वाड्यातली एकमेव पक्की खोली बंद होते. लस टोचायला आलेल्या सिस्टरनं बसायचं कुठं, हा प्रश्न उरतो. लांबच्या शाळेला सगळ्यात आधी मुली मुकतात. ज्यांना जमतं ते खालच्या गावात पाव्हण्यांकडं बिऱ्हाड हलवतात. राहतात ते म्हातारे. त्यांना शाळेची गरज नाही, हे तर तुम्हीही कबूल कराल.

आमच्या या जिल्ह्याची एक जुनी खोड सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आता पोर तयार, आईबाप तयार, गैरहजर आहे ती शाळाच. हा रुपया कुणाच्या नावावर मांडायचा, तेवढं उलट टपाली कळवा. थकबाकी वाढत चाललीय.

आणि डोकीच मोजायची तर पुरती मोजा. एखाद्या वाड्यावर आज अकरा पोरं असतील, तर उरलेली नऊ काही आभाळातून गळाली नाहीत. ती तुमच्या चुलत्यांनी आणि आजोबांनी आधीच शहराकडं धाडली. त्यांच्याकडून रस्ता नि दवाखाना घेऊन या. नऊच्या नऊ पटावर दिसतील. तोवर अकरांची शाळा चालू ठेवा.

कळावे. लोभ आपल्या घराण्यात वाटून घ्यावा.

आपला,
एक कोल्हापूरकर