पंधरा इंच कंबर

दुकानातल्या त्या गल्लीत आई थबकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, झाडाला परकर?"

आसपास कुणाला मराठी कळत नसेल, हा भरवसा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये धरायचा नसतो. पलीकडे दिव्यांच्या माळा बघणाऱ्या बाई खुदकन हसल्या.

तसा तो परकरच. ट्री स्कर्ट. ख्रिसमसच्या झाडाच्या बुडाशी गोल अंथरायचं कापड, मधोमध भोक, आणि झाडाभोवती लपेटता यावं म्हणून भोकापासून कडेपर्यंत एक चीर. चार स्क्रूंनी बुंधा आवळून धरणारा कुरूप स्टँड त्याखाली झाकायचा, गळणाऱ्या सुया त्यात झेलायच्या, वर भेटींचे खोके मांडायचे. पूर्वी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, तेव्हा मेणही ठिबकायचं. आमच्या घरी इतकी वर्षं हे काम एक जुनी चादर बिनतक्रार करत होती. पण यंदा तिसरीतली लेक मैत्रिणीकडे जाऊन आली आणि म्हणाली, "आई, आपलं झाड उघडं असतं."

मग काय, दुकान. टिकल्यांचा परकर होता, खोट्या फरचा होता, चौकडीचा होता. आईने एकेक चिमटीत धरून, उलटा करून शिवण पाहिली आणि प्रत्येकाला नापास केलं. शेवटी ती एका तपकिरी परकरापाशी आली. "हे तरट आहे."

"बर्लॅप म्हणतात त्याला. फॅशन आहे."

"किती?"

"पन्नास डॉलर."

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची रिकामी पोती कशी पडलेली असतात, हे मी परतीच्या वाटेवर घर येईपर्यंत ऐकलं.

घरी तिने बॅग उघडली. माझ्या मैत्रिणींच्या ओट्या भरायला तिने आठ खण आणले होते. "आधी हिची भरू," झाडाकडे बघून ती म्हणाली. मला क्षणभर धाकधूक झाली. लोकांच्या सणात आपला खण घुसवायचा म्हणजे जरा अतीच. पण या सणाचा इतिहासच तसा आहे. व्हिक्टोरिया राणी, अल्बर्ट, मुलं आणि मधे सजवलेलं झाड, असं चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक'ने तेच चित्र छापलं, पण राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून! अमेरिकेत पाऊल ठेवलं की मिशा उतरवायच्या ही रीत आमच्या नवऱ्यानेही पाळली आहे. तेव्हा झाडाने खण नेसायला हरकत नव्हती.

आईने माप घ्यायला टेप मागितली. सात फुटी झाडाला चोपन्न इंचांचा गोल पुरतो. खणाचा पन्हा लहान, त्यामुळे गोल सलग निघेना. "मग कळ्यांचा करू," आई म्हणाली. त्रिज्येच्या सहापट आणि वर वीतभर, हे गणित तिने पेन्सिलीशिवाय केलं, आठाने भागलं आणि बुंध्याला टेप लावली.

"पंधरा इंच कंबर!" नवरा उद्गारला.

"खात नसेल मेली," आई म्हणाली.

खात नसली तरी पिते. तोडून आणलेल्या झाडाचा बुंधा तळाशी इंचभर पुन्हा कापायचा, नाहीतर राळेने तोंड बंद होतं. आणि मग रोज पाणी द्यायचं. आमची फ्रेझर फर पहिल्या दिवसांत तीन-चार लिटर सहज रिचवायची. हे काम आईने स्वतःकडे घेतलं. सकाळी आंघोळ करून ती तांब्या घेऊन यायची, फांद्यांखाली वाकायची आणि पुटपुटायची, "तोडून आणायचं आणि वर पाणी पाजायचं."

परकर तिने हाताने शिवला, सबंध उलट्या टिपेने. काठ वाया जाऊ नयेत म्हणून ते कापून खाली गोटासारखे लावले. आतून अस्तर. कंबरेला नेफा, नेफ्यात पांढरी नाडी. चौथ्या रात्री तिने दोरा दातांनी तोडला आणि परकर पलंगावर पसरला. देखणा होता. मी डोळे भरून पाहिला, फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला. आणि मग विचारलं, "आई, चीर कुठंय?"

"कसली चीर?"

आठ कळ्या, आठ शिवणी. शेवटची शिवण सोडायची होती, आणि आईने ती सर्वांत पक्की घातली होती.

"अगं, परकराला बाजूने उघडं कोण ठेवतं?"

आम्ही झाडाकडे पाहिलं. दिवे, गोळे, लेकीने शाळेत केलेला कापसाचा हिममानव, शेंड्यावर चांदणी. परकर डोक्यावरून घालणं शक्य नव्हतं. "जावईबापूंनी जरा उचलून धरलं तर..." आईने सुचवलं. जावईबापूंना एकाएकी ऑफिसचा फोन आला.

उलटी टीप उसवायला दोन तास लागले. मी शिवण कापत होते आणि आई माझ्या हाताकडे असं बघत होती जणू मी तिचाच परकर उसवतेय. पण नाडीने सगळी कसर भरून काढली. दुकानातल्या स्कर्टना रिबिनी असतात, त्या सुटतात. आमची निरगाठ हलली नाही. उघडी बाजू आम्ही भिंतीकडे वळवली, दिव्यांची वायर त्यातूनच बाहेर काढली. लेकीची मैत्रीण आली, पहिल्यांदा तिने परकराला हात लावला, मग भेटींना.

जानेवारीत झाड फुटपाथच्या कडेला गेलं. आईने परकर अंगणात झटकला, काठांत अडकलेल्या सुया चिमटीने वेचल्या, मग चष्मा लावून बसली. आठवडाभराने ती सांगलीला परतली. बॅगा भरताना परकर तिने माझ्या कपाटात डांबराच्या गोळीसह नीट घडी घालून ठेवला होता.

परवा तो बाहेर काढला. आठवी शिवण घातलेली होती. पुन्हा उलट्या टिपेने.