गुरुजींचा मेल येतो

काशीच्या भोसले घाटावर नागपूरकर भोसल्यांच्या त्या उंच दगडी भिंतीखालून पायऱ्या उतरताना ‘कुठले? नागपूर की पुणे?’ असा अस्सल मराठी प्रश्न कानावर आला आणि तुम्ही थांबलात, तर संपलंच. गुरुजी आधी गोत्र विचारतात, मग मूळ गाव, मग आजोबांचं नाव आणि चौथ्या दमात मेलचा पत्ता. गोत्र आठवत नसेल तर काश्यप लावून भागतं. मेल आठवत नसलेल्याची मात्र सुटका नाही. त्याच्या मुलाला तिथल्या तिथे फोन लावला जातो.

यात काही नवीन नाही, असं गुरुजींचं म्हणणं. घराण्यात यजमानांच्या वह्या आहेतच. 1879 साली सरकारने एका पैशाचं पोस्टकार्ड काढलं, तेव्हापासून त्यांच्या घरातून वऱ्हाड-कोकणात कार्डं जात आली. पितृपक्ष जवळ आला, गंगामाई आठवण काढते, एवढाच मजकूर. मनीऑर्डरचं यजमानाने आपलं आपण समजायचं. आता कार्ड पन्नास पैशांना मिळतं आणि मेल फुकट जातो. फुकट गोष्ट ब्राह्मण सोडत नाही, हे वाक्य गुरुजींचंच.

पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने काकांना एक संकेतस्थळ काढून दिलं. गंगापूजन, तीर्थश्राद्ध, त्रिपिंडी, सगळी नोंदणी तिथे. जाहिरातीसाठी सोय अशी की एका गुप्त पत्त्यावर मेल टाकला की तो लेख म्हणून आपोआप झळकतो आणि त्याच मिनिटाला सगळ्या यजमानांना पोचतो. मेलचा विषय तोच लेखाचा मथळा. हा गुप्त पत्ता पुतण्याने काकांना सांगितला, इथे घोड्याने पेंड खाल्ली.

चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी आणि उजव्या हाताची तर्जनी एकेका अक्षरावर आपटत गुरुजींनी गंगामाहात्म्य लिहिलं. विषयाची जागा रिकामीच राहिली. ‘विषय नाही’ या मथळ्याखाली अख्खं माहात्म्य प्रसिद्ध झालं. नागपूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी या वेदान्ती मथळ्याबद्दल अभिनंदन कळवलं, तेव्हापासून गुरुजी विषय लिहीतच नाहीत.

मजकुराखाली सही. तीत सगळ्या पदव्या, दोन मोबाइल नंबर, संकटा घाटाकडून आलात तर कुठे वळायचं, सिंधिया घाटाकडून आलात तर कुठे, आणि शेवटी ‘माझ्या मोबाइलवरून पाठवले’. ही सही बहुधा लेखाहून लांब असते. यंत्राला लेख कुठे संपला हे कळत नाही. ते सहीही भक्तिभावाने छापतं.

एकदा ठाण्याच्या यजमानांना द्यायचं उत्तर त्या गुप्त पत्त्यावर गेलं. खाली मूळ पत्र तसंच होतं : ‘मेव्हण्यांकडून मागच्या वर्षी निम्मेच घेतले होतेत.’ संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभरातून विचारणा आली. सगळ्यांना मेव्हण्याचाच दर हवा होता.

पुतण्या विनवून सांगतो, काका, पंधरवड्यातून एक पुरे. काका एकादशी, प्रदोष, संकष्टी, अमावास्या यांपैकी काही सोडत नाहीत. कंटाळून कोणी ‘मेल नकोत’ हे बटण दाबलं, की गुरुजींचा फोन येतो : ‘अहो, नाव काढलंत? घरी सगळं ठीक ना? सुतक वगैरे?’ माणूस ओशाळून पुन्हा नाव घालतो. 1978 साली अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने एकगठ्ठा चारेकशे लोकांना जाहिरातीचा मेल धाडला आणि शिव्या खाल्ल्या. त्याला सुतकाची चौकशी करायचं सुचलं नाही.

मग येतो पावसाळा. घाटाघाटांमधली वाट पाण्याखाली जाते, यजमान येत नाहीत, आणि रिकामे गुरुजी दोन ओळी टाकतात : ‘खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. होड्या बंद. दशाश्वमेधावरची आरती गच्चीवर. मणिकर्णिकेवर दहन वरच्या मजल्यावर.’ सोबत नदीची पातळी. धोक्याची खूण 71.262 मीटरवर, ती किती दूर राहिली ते. पदवी नाही, दक्षिणा नाही. सहीसुद्धा राहते. हे मेल मात्र लोक उघडतात, पुढे पाठवतात, आणखी विचारतात. पाणी ओसरल्यावर नोंदणी येते ती यातूनच. पुतण्याने आकडे काढून दाखवलेत.

गुरुजींना ते पटत नाही. ‘ही जाहिरात का रे? ही तर खबर झाली!’ आणि वर दाखला देतात तो थेट बाबूराव विष्णू पराडकरांचा. ‘आज’सारखं हिंदी दैनिक गाजवणारा हा संपादक मराठी घरातला, जन्म काशीतला, म्हणजे लेखणी इथल्या मराठी माणसाच्या रक्तातच. असेल. पण संपादक निम्मा मजकूर टोपलीत टाकतो तेव्हा संपादक होतो. गुरुजींकडे टोपली नाही.

काशीला गेलात तर भोसले घाटावर जरूर जा. गुरुजींकडून गंगापूजन करून घ्या. मंत्र स्वच्छ म्हणतात, घाई करत नाहीत, पैशासाठी अडून बसत नाहीत. मेल विचारतील तेव्हा देऊनही टाका, नाहीतर पुरात घाटाची खबर कोण देणार? फक्त तो ऑफिसचा देऊ नका. आणि दराची घासाघीस करायचीच असेल तर तिथेच, तोंडी करा.