रा. रा. बगेटयंत्र यांस

मु. बंद बेकरीसमोर, जिल्हा क्रझ, मध्य फ्रान्स

स. न. वि. वि.

रविवारी संध्याकाळी आपण माझं दोन युरोचं नाणं गिळलंत. आत काहीतरी खडखडलं, झडप जागची हलली नाही, आणि पडद्यावर मात्र 'आभारी आहोत, लवकरच भेटू' अशी अक्षरं उमटली. आमच्याकडे पैसे बुडवणारा निदान तोंड तरी चुकवतो. घरी मिसळीचा कट उकळत होता आणि शेजारचं फ्रेंच कुटुंब जेवायला यायचं होतं. इथे लादीपाव मिळत नाही, म्हणून मिसळीबरोबर बगेट, ही तडजोड मी कधीच स्वीकारली आहे. आपण त्यालाही मुकवलंत. पाहुण्यांनी मिसळ भातावर घेतली आणि फारच छान म्हणाले. हे त्याहून वाईट झालं.

बाकी या गावाबद्दल माझी तक्रार नाही. ग्रामपंचायत आठवड्यातून दोन सकाळी उघडते. पोस्ट बाराला बंद म्हणजे बाराला बंद. डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. जुना कुणी गेला की जागा होते म्हणे. ब्रेक्झिटनंतर पलीकडच्या इंग्रज आजोबांनाही माझ्यासारखंच इथे राहण्याचं कार्ड काढावं लागलं, तेव्हापासून ते मला अधिक आदराने नमस्कार करतात. हे सगळं चालतं. चालत नाही ते फक्त आपण.

आपल्या पाठीमागे पांढरा रंग फासलेली काच आहे. तिथे बेकरी होती. मी या गावात आले तेव्हा रोज माझ्याशी फ्रेंच बोलणारं एकच माणूस होतं, ती बेकरीतली बाई. आत शिरल्यावर आधी 'बोंजूर' म्हटलं नाही, तर आपण दिसलोच नाही अशा थाटात ती गल्ला पुसत राहायची. म्हटलं, की मागची रांग थांबवून माझं व्याकरण दुरुस्त करायची. मला कमी भाजलेला पाव लागतो हे तिला एकदाच सांगावं लागलं, पुढे तसलाच बाजूला काढून ठेवायची. पावाच्या मधोमध कागदाची पट्टी गुंडाळता गुंडाळता कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची लिमुझां गाय व्याली, शनिवारी गावजेवण कुठे आहे, सगळं सांगून मोकळी. तापामुळे मी दिसले नाही तेव्हा तिचा नवरा पिठाच्या हातांनी दारात येऊन उभा राहिला होता. आपण काय विचारता? 'कार्ड की नाणी?'

३० नोव्हेंबर २०२२ रोजी युनेस्कोने बगेटची कारागिरी आणि संस्कृती मानवजातीच्या वारशात दाखल केली. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी अडीचशे ग्रॅमची जादू म्हणून त्याचं कौतुक केलं. त्याच हिवाळ्यात विजेची बिलं बघून देशभरचे बेकरीवाले डोक्याला हात लावून बसले होते. आमच्या बेकरीतले नवरा-बायको वय झालं म्हणून थांबले आणि दुकान घ्यायला कुणी आलं नाही. १९७०च्या सुमारास या देशात ५५,००० बेकऱ्या होत्या. आता ३५,०००च्या आसपास उरल्या आहेत. कायदे मात्र चोख. 'पारंपरिक' पावाचं पीठ गोठवायचं नाही, हा १९९३चा हुकूम. जो जागेवर मळून भाजत नाही त्याने बेकरीची पाटी लावायची नाही, हा १९९८चा कायदा. सक्तीच्या साप्ताहिक सुट्टीबद्दल तर विचारू नका: ल्युझिन्यी-स्यूर-बार्स गावच्या बेकरीवाल्याने उन्हाळ्यात आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवलं, म्हणून २०१८ साली त्याला ३,००० युरो दंड झाला. आपण सातही दिवस, चोवीस तास उभे. आपल्याला कोण दंड करणार?

आपल्या उद्घाटनाला गावाने वाईन फोडली. मेयरसाहेब भाषणात म्हणाले, गावात सेवा परत आली. सेवा! पहाटे तीनला उठून पाव भाजणारा माणूस गेला, आजारी बाईची चौकशी करणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी हा लोखंडी पेटारा आला, तर त्याला सेवा परत आली म्हणायचं? टाळ्या वाजवणाऱ्या याच मंडळींच्या डिकीत, बेकरी धडधाकट चालू असताना, सुपरमार्केटचे प्लास्टिकमध्ये बांधलेले पाव मी पाहिले आहेत. तेव्हा कुठे गेला होता तुमचा मानवजातीचा वारसा?

पण तुझ्यावर तरी किती ओरडू? हा जिल्हाच रिकामा होत आला आहे. इथले गवंडी वसंतात पायी पॅरिसला जायचे, उंच इमारती बांधायचे, थंडीत घरी परतायचे. इथलाच मार्तँ नादो १८३०मध्ये वडिलांबरोबर असाच चालत गेला आणि पुढे खासदार झाला. कोकणातल्या कुठल्याही चाकरमान्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मग हळूहळू ते परतेनासे झाले. १८५१ साली इथे पावणेतीन लाखांहून जास्त माणसं होती, आज सव्वा लाखही नाहीत. त्यांनी मागे ठेवलेली दगडी घरं स्वस्त मिळतात, म्हणून तर मी इथे आहे. आणि तूही त्याच कारणाने आहेस. पहाटे शेजारगावचा बेकरीवाला तुझं पोट भरून जातो, दिवसभर पोरं तुला लाथा घालतात, रात्री साडेआठला तू मला दमट, रबरासारखा पाव देतोस, आणि कुणी तुला बोंजूरसुद्धा म्हणत नाही. मी म्हणते. त्या बाईने लावलेली सवय.

असो. तुझ्यावर चिकटवलेल्या नंबरला फोन केला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने मला बारा ते दोनच्या मध्ये फोन न करण्याची विनंती केली. यंत्रांनाही जेवणाची सुट्टी असते हे वाचकांना कळावं, म्हणून हे पत्र जाहीर.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
गावातली एकमेव मराठी गिऱ्हाईक

ता. क. शेजारच्या गावात पिझ्झाचं यंत्र बसलं आहे. तीन मिनिटांत गरमागरम देतं म्हणे. काल रात्री तिकडून जाताना बघितलं, चांगली रांग होती. मेयरसाहेब दुसरे होते.