नोकरी कशी घालवावी हे सगळ्यांना येतं, पुढचं शिका
(न्यू जर्सीतल्या नवशिक्यांसाठी)

साहित्य: ले-ऑफचं पत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, गेल्या दीड वर्षातल्या सगळ्या कंपन्यांची नावं-पत्ते, बँक खात्याचा तपशील आणि गेंड्याची कातडी. शेवटची वस्तू एडिसनच्या एकाही इंडियन ग्रोसरीत मिळत नाही. ती घरीच तयार करावी लागते.

पायरी १: खानदान बाजूला ठेवा.
‘आमच्या घराण्यात सरकारपुढे कुणी हात पसरला नाही’ हे वाक्य मनात आलं की जुनी पे-स्लिप काढा. कपातींच्या रांगेत, वैद्यकीय विम्याच्या आसपास, ‘यूआय’ नावाची एक किरकोळ रक्कम दिसेल. बहुतेक राज्यांत बेकारी विम्याचे पैसे फक्त मालक भरतो. कामगाराच्याही खिशात हात घालणारी राज्यं तीन: अलास्का, पेन्सिल्व्हेनिया आणि आपलं न्यू जर्सी. इथे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर ०.३८२५ टक्के कापले जातात. म्हणजे हा तुम्ही हप्ते भरलेला विमा आहे. गाडी ठोकल्यावर विम्याचा चेक घेताना कुणाला आजोबा आठवत नाहीत.

पायरी २: राजीनामा देऊ नका.
एचआरच्या बाई गोड आवाजात म्हणतील, ‘तुम्हीच राजीनामा दिलात तर रेकॉर्डवर बरं दिसेल.’ कुणाच्या रेकॉर्डवर, ते विचारा. सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बेकारी भत्ता मिळत नाही. बाणेदारपणा चांगला, पण तो इथे फार महागात पडतो.

पायरी ३: ‘जरा सावरतो, मग बघू’ म्हणू नका.
अर्ज ज्या आठवड्यात भराल, त्या आठवड्याच्या रविवारपासून क्लेम सुरू होतो. सावरण्यात गेलेले आठवडे सहसा परत मिळत नाहीत. नोकरी का गेली, या प्रश्नाला ‘काम नव्हतं म्हणून कमी केलं’ एवढं उत्तर पुरे, अर्थात ते खरं असेल तर. नवा व्हीपी, त्याने आणलेली त्याची माणसं, अप्रेझलमधलं राजकारण ही कादंबरी वीकएंडच्या पार्टीसाठी राखून ठेवा.

पायरी ४: हिशेब करा, पण बसून करा.
भत्ता सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के. आठवड्याला अडीच हजार डॉलर मिळवणारा मनात दीड हजार मांडतो, आणि मग कमाल मर्यादा वाचतो: २०२५ सालच्या क्लेमसाठी ८७५ डॉलर. तोही जास्तीत जास्त २६ आठवडे. वाईट वाटलं तर मिसिसिपीकडे बघा, तिथे मर्यादा २३५ आहे. या पैशावर न्यू जर्सी कर घेत नाही, पण केंद्र सरकार घेतं. १० टक्के आधीच कापून घ्या म्हणून सांगता येतं. न सांगणाऱ्याला ते एप्रिलमध्ये आठवतं.

पायरी ५: दर आठवड्याला परीक्षा द्या.
काम करण्याच्या स्थितीत होता का? उपलब्ध होता का? नोकरी शोधलीत का? आलेलं काम नाकारलंत का? काही कमावलंत का? उत्तरं खरी आणि सरळ द्या. ‘तसा होतो, पण जरा पाठ धरली होती’ ही घरगुती नम्रता पैसे अडकवते. आणि ‘नोकरी गेलीच आहे, तर गणपतीला पुण्याला जाऊन येऊ’ हा बेत आखण्याआधी लक्षात घ्या, की भारतात बसलेला माणूस जर्सीतल्या कामाला उपलब्ध नसतो. त्या आठवड्यांचा भत्ता विसरा. मोदक खा.

पायरी ६: एच-१बीवाल्यांनी इथे हसू नये.
तुमच्याही पगारातून कपात होते. पण तुमची परवानगी त्या कंपनीशी बांधलेली, त्यामुळे नोकरी गेली की कायद्याच्या लेखी तुम्ही सहसा ‘कामाला उपलब्ध’ उरत नाही आणि भत्ताही नाही. तुमचं घड्याळ वेगळं आहे: इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्यातला पहिला फोन इमिग्रेशन वकिलाला करा.

पायरी ७: यंत्रणेवर रागावू नका.
एप्रिल २०२० मध्ये अर्जांचा पूर आला, तेव्हा राज्याचे जुने संगणक धापा टाकू लागले आणि तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक घातली. वाय-टू-केच्या काळात हीच भाषा घेऊन आपल्यातले कितीतरी जण या देशात उतरले होते. निवृत्त काकांना इतका मान त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल.

नकाराचं पत्र आलं तर ते फाडू नका. त्यावर अपिलाची मुदत छापलेली असते आणि ती मुदत पाळणाऱ्यांचंच ऐकून घेतलं जातं. बाकी सगळ्या पायऱ्या विसरलात तरी चालेल, तिसरी विसरू नका. आठवडा शनिवारी संपतो, त्याआधी अर्ज भरा.