नारळ फोडला, पुस्तिका फोडली नाही

पाणी खेळवणाऱ्या यंत्रांचं रहिमतपूरला अप्रूप जुनंच. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मकबऱ्याशेजारच्या मशिदीपासून थोड्याच अंतरावर एक उंच बुरूज आहे. त्याच्या पश्चिमेला उतार बांधलेला आहे. हत्तीच्या बळावर पाणी उपसून ते मशिदीच्या कारंज्याला पुरवण्याची ही सोय होती, अशी नोंद साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. त्या काळात हत्तीसोबत छापील पुस्तिका येत नसे, माहूत येत असे. हत्ती दारात बांधून ‘आता बघून घ्या तुमचं तुम्ही’ म्हणण्याइतकी आदिलशाही प्रगत झालेली नव्हती.

ती प्रगती आता झाली आहे. सातारा-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मंगल कार्यालयात डोकावा. जनरेटरच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या थप्पीमागे एक जाडजूड मशीन दिसतं. पुढे गोल ब्रश, पोटात दोन टाक्या, मागे रबराची चंद्रकोर आणि धरायला दांडा. एका टाकीतलं साबणाचं पाणी फरशीवर सोडायचं, ब्रशनं घासायचं, मागच्या रबरानं मळलेलं पाणी एका रेषेत गोळा करायचं आणि व्हॅक्यूमनं ते दुसऱ्या टाकीत ओढायचं, एवढं त्याचं काम. माणसानं मागून चालायचं. मशीन पुढे गेलं की मागे कोरडी फरशी, असा करार असतो. किमतीला लाखाचा आकडा लागतो, त्यामुळे घेताना मालक स्वतः जातात. चालवताना जात नाहीत.

घ्यायला कारणही तसंच असतं. स्वच्छतेच्या बाबतीत हा मुलूख मानी आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर याच दोन जिल्ह्यांत फिरत राहिला. अशा शेजारात राहून लग्नाच्या हॉलमध्ये गोणपाटानं फरशी पुसायची म्हणजे पाहुण्यांत मान खाली घालायची वेळ. मग मशीन येतं.

पहिला दिवस पूजेचा. गुरुजी येतात, मशीनला हळदकुंकू लागतं, दांड्याला झेंडूची माळ बांधली जाते, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. पुढ्यातच नारळ फुटतो आणि ज्या फरशीसाठी एवढा खर्च केला तिच्यावरच पाण्याचं थारोळं होतं. कोणी तरी हौशी पुतण्या कापूर लावून आरती ओवाळतो. मशीन तेव्हा चार्जिंगला लावलेलं असतं, कारण पूजेनंतर मालकांना ते चालू करून फोटो काढायचा असतो.

इथे जरा थांबायला हवं. या मशीनमध्ये बहुतेक वेळा शिसं आणि गंधकाम्लाच्या बॅटऱ्या असतात. चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, त्यांतून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून पुस्तिका सांगते की चार्जिंग हवेशीर जागेत करा, वरची टाकी किंवा झाकण उघडं ठेवा, जवळ विडी-काडी नको. कापूर-आरतीचा वेगळा उल्लेख पुस्तिकेत नाही. परदेशी कंपनीला तेवढी कल्पनाशक्ती कुठून असणार? आणि पुस्तिका तर प्लास्टिकच्या पिशवीत, सील न तुटलेल्या अवस्थेत, ऑफिसच्या कपाटात वॉरंटी कार्डासोबत सुरक्षित आहे. सगळ्या प्रकरणात सुरक्षिततेचे नियम पाळणारी तेवढी एकच वस्तू.

बॅटरीचं पाणी हा दुसरा अध्याय. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि तेही सहसा चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढते आणि आम्लासकट बाहेर उतू जातं. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेत. आम्ल सांडलं तर वर खायचा सोडा टाकायचा. प्रत्यक्षात बोअरचं पाणी आहे, पत्र्याचं नरसाळं आहे, चष्मा मालकांचा वाचायचा आहे. सोडा मात्र असतो, भटारखान्यात, भज्यांसाठी.

रहिमतपूरच्याच रेल्वेमार्गावर, मिरजेच्या अंगाला, किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. पहिली विक्री व्हायला दोन वर्षं गेली. तो शेतकरी चुकला खरा, पण निदान ‘या अवजारानं काही अपाय होईल का?’ असा प्रश्न तरी त्यानं विचारला होता. आज त्याचा पणतू मशीनचा रंग बघतो, ईएमआय विचारतो आणि सही करतो.

कंपनीचा पोरगा डेमो द्यायला येतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तो वीस मिनिटं मालकांना, मालकांच्या मेहुण्यांना आणि मॅनेजरला सगळं समजावतो. मालक मान डोलावतात, मेहुणे व्हिडिओ काढतात. मशीन ज्यांनी चालवायचं त्या मावशी त्या वेळी मागच्या अंगणात पातेली घासत असतात. त्यांना संध्याकाळी सांगितलं जातं, “मावशी, हिरवं बटण दाबा आणि चालत रहा. काय अवघड नाही.”

“आन् बंद कसं करायचं वो?” मावशी विचारतात.

अख्ख्या दिवसातला हा पहिला शहाणपणाचा प्रश्न. त्याचं उत्तर मॅनेजर उद्यावर टाकतो.

बंद करण्याचं महत्त्व ब्रश बसवताना कळतं. ब्रश किंवा पॅड लावायला मशीनखाली हात घालावा लागतो. त्याआधी किल्ली काढायची, ती खिशात टाकायची, शक्य असेल तर बॅटरीचा प्लगही सोडवायचा. ‘बंदच आहे’ असं कोणी म्हणालं म्हणून हात घालायचा नाही, कारण म्हणणाऱ्याचा हात बाहेर असतो. वाकायचं तर गुडघ्यात, कमरेत नाही. रहिमतपूरशेजारच्या औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा प्रसार करण्यात आयुष्य घालवलं. त्या पंचक्रोशीत एवढं सांगायला लागू नये, पण लागतं.

पॅडच्या रंगाचाही एक संकेत असतो. काळं सगळ्यात कडक, जुना थर खरवडायला. हिरवं घासायला, तांबडं रोजच्या सफाईला, पांढरं चकाकीला. आता काळं पॅड ‘मजबूत’ दिसतं, म्हणून चकचकीत संगमरवरी स्टेजवर तेच फिरतं आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांपुढे फरशीवर कायमची वर्तुळं उमटतात. पुढच्या लग्नात त्यावर गालिचा टाकला जातो. त्याचं भाडं वेगळं.

साबणाची तऱ्हा तर विचारूच नका. कमी फेसाचं द्रावण, ठरलेल्या मापात, एवढीच अट असते. पण ‘जेवढा फेस तेवढी सफाई’ हा धर्म आहे आणि धर्मात माप नसतं. फेस मळक्या पाण्याच्या टाकीत चढतो. तिथला तरंगता फ्लोट पाण्याची पातळी ओळखून ओढ बंद करतो, पण फेसापुढे तो फसतो आणि ओलावा थेट व्हॅक्यूमच्या मोटारीत जातो. कोणी शहाणा साबणाच्या टाकीत संडासचं ॲसिड ओततो, वर ब्लीचिंगही टाकतो. या दोघांची भेट झाली की क्लोरीन वायू निघतो. शहाबादी आणि कोटा ही चुन्याच्या जातीची फरशी. ॲसिड पडलं की ती फसफसते आणि खडबडीत होते. ‘बघा, कसा मळ निघतोय’ म्हणून लोक खूश. निघते ती फरशी.

हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा देखावा खास मंगल कार्यालयांचाच. फरशीवर पिवळे डाग असतात. मावशी सोड्याच्या, म्हणजे अल्कधर्मी, साबणाचं पाणी सोडतात आणि मशीन जाईल तिथे तांबडे पट्टे उमटू लागतात. मॅनेजर धावत येतो, कोणाचा पाय कापला म्हणून. पाय शाबूत असतात. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं ती हीच करामत. मावशींना ते लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून त्या हसतात. बीएस्सी केमिस्ट्री झालेला मॅनेजर कंपनीला फोन लावतो.

मशीन फिरवण्याआधी झाडून घ्यायचं, हा नियम सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. ‘मशीन आहे की, मग झाडू कशाला?’ लग्नानंतर फरशीवर काय नसतं! अक्षता, पाकळ्या, सुपाऱ्या, द्रोण, डेकोरेटरची सुतळी, हाराचे दोरे, एखादी सेफ्टी पिन. अक्षता ओल्या झाल्या की फुगतात आणि मागच्या रबराखाली, ओढणाऱ्या नळीत भात लावल्यासारख्या बसतात. मग ओढ मंदावते आणि मशीनमागे पाण्याची शेपटी राहते. दोरा ब्रशच्या आसाला गुंडाळतो आणि तो सोडवायला कोणी तरी मशीन चालू असतानाच हात घालतो. साउंडवाल्याच्या वायरी जमिनीवर मोकळ्या पडलेल्या असतात, त्यातून जाणारा करंट कोणाच्या बापाचा नसतो.

चालवण्याची रीत तशी सरळ आहे. लांबच्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे यायचं, म्हणजे आपल्याच ओल्यावरून जावं लागत नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवायचा. ब्रश फिरत असताना एका जागी उभं राहायचं नाही. मागे घेताना रबर उचलायचं, नाही तर ते दुमडून फाटतं. कोपरे आणि खांबाची बूडं शेवटी हातानं पुसायची. पदर खोचलेला, पायांत बंद आणि न घसरणारे बूट. टाकी पाण्यानं भरलेली असली की बॅटऱ्यांसकट या धुडाचं वजन दीड-दोनशे किलोंवर जातं, त्यामुळे उतार हा याचा शत्रू. कित्येक मॉडेलांची कामाची मर्यादा दोन टक्के असते, म्हणजे मीटरभर लांबीला दोन सेंटिमीटर चढ. आपल्या कार्यालयांचा प्रवेशाचा रॅम्प मात्र बुलडोझर चढेल अशा बेताचा. त्यावर मावशी पुढे, मशीन मागे, असा क्रम लागला तर ओढ कोण कोणाला देतं हे सांगायला नको. आणि मालकांचा नातू त्यावर बसून चक्कर मारतो त्याचं काय? मशीन ‘मागून चालण्याचं’ आहे, हे त्याला समजावण्याची कोणाची छाती नाही.

एवढं करून फरशी ओलसर राहतेच, निदान वळणांवर. तिथे पिवळी पाटी हवी. पाटी कंपनीनं दिलेलीही असते. ती गेटजवळ ‘येथे गाडी लावू नये’ या अर्थानं उभी असते. ओली फरशी ही थट्टेची गोष्ट नव्हे. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या आकडेवारीत कामावरच्या दुखापतींचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं घसरून किंवा अडखळून पडणं हेच येतं. पण त्यासाठी ब्रिटनला जायची गरज नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातच, वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या हे त्या चेंगराचेंगरीच्या कारणांपैकी एक होतं. त्या जिल्ह्यात तरी ‘थोडं पाणी राहिलंय, वाळेल’ हे वाक्य कोणाच्या तोंडी यायला नको.

काम संपल्यावर मळकी टाकी रिकामी करायची, धुवायची, फ्लोट आणि जाळी साफ करायची, रबर पुसायचं, झाकण उघडं ठेवायचं. हे पाणी मोरीत सोडायचं, रहिमतपूरच्या कमंडलू नदीत नव्हे. हे केलं नाही तर चार दिवसांत टाकीला असा वास सुटतो की पाहुणे बासुंदीबद्दल शंका घेतात. मग मशीन ‘बिघडलं’ म्हणून जनरेटरच्या खोलीत जातं, मावशींच्या हाती पुन्हा गोणपाट येतं. पुढची अंघोळ मशीनला खंडेनवमीला, पूजेपुरती.

दोष मशीनचा नाही आणि मावशींचा तर नाहीच. आठवडाभर रोज अर्धा तास त्यांना शिकवलं असतं, पुस्तिकेतली दोन पानं मराठीत लिहून भिंतीला चिकटवली असती आणि किल्ली त्यांच्याकडे दिली असती, तर वरचं निम्मं पुराण लिहावं लागलं नसतं. पण लाखाचं मशीन घेणाऱ्याला शिकवण्याचा अर्धा तास महाग वाटतो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील. कार्यालय ठरवताना तुम्ही एसी विचारता, जनरेटर विचारता, किती गाड्या लागतात हे विचारता. त्यात एका प्रश्नाची भर घाला: फरशीचं मशीन कोण चालवतं आणि ते बंद कसं करायचं? उत्तर मालकांनी दिलं तर दुसरं कार्यालय बघा. मावशींनी दिलं तर ॲडव्हान्स भरून टाका.