पान उलटणारे काका

नागपुरातल्या कोणत्याही जुन्या लेआउटमध्ये जा, झाडांचे डॉक्टर असलेले एक काका तिथे हमखास सापडतात. बहुधा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. खातं शेतीचं नसतं, हे सांगायला नको.

फाटकातून आत आल्यावर ते माणसांकडे बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, जास्वंदीचं पान उलटतात आणि आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या सुरात म्हणतात, "झालं!" पानामागे पांढरे चिकट पुंजके. "पिठ्या ढेकूण हाय हा. काय करून राहिल्या होत्या वहिनी इतके दिवस?" वहिनी इतके दिवस मुलाची बारावी करून राहिल्या होत्या, पण त्या ओशाळतात.

मग उपाय. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थेंब. हा उपाय चोख आहे. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, शिवाय किड्याच्या अंगावरचं मेणही त्यानं सुटतं. काका इथेच थांबते तर महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात शोभले असते. पण 1906 पासून चालू असलेलं ते कॉलेज त्यांच्या मते "पुस्तकी" आहे. म्हणून पुढे आंबट ताक, हिंग, राख, गोमूत्र आणि शेवटी ब्रह्मास्त्र, तंबाखूचं पाणी. काकांनी खर्रा सोडलाय. खिशातली पुडी आता फक्त माव्यासाठी असते म्हणे. निकोटिननं मावा मरतो हे खरं, पण ते माणसालाही विषच. काकूंचा आक्षेप मात्र वेगळाच होता. काढा त्यांच्या चहाच्या पातेल्यात उकळला होता.

झाड जगलं तर काकांचा गुण, मेलं तर "ताक गोड घातलं असन तुम्ही." मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, गच्चीवरची तुळस भाजून निघते, काका तिथेही बुरशीच शोधतात.

एकदाच ते फसले. कढीपत्त्यावर काळपट-पांढरं काहीतरी पडलं होतं. काका लांबूनच म्हणाले, "पाखराची घाण हाय जी, पावसानं जाईन." ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती हुबेहूब विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत आणि काका ओळखत नाहीत. आठवड्यात ती हिरवीगार, गलेलठ्ठ झाली आणि फांदीवर नुसते देठ उरले. तिच्यावर ताकही नको न् हिंगही नको. हातानं उचलून बाजूला केली की काम होतं. काका तेव्हापासून कढीपत्त्याजवळून जरा घाईनं जातात.

तेव्हा तुमच्याकडे काका आले, तर त्यांचं निंबोळी तेल जरूर ऐका. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा, आठवड्यानं पुन्हा फवारा. ताकाला नुसती मान हलवा आणि ते गेले की कढी करा.