बिबट्याची नोंद, बंदुकीची नोंद

मुंबईतल्या आरेत बिबट्या बिथरला तर कुणाला कळवायचं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वनखात्याचा 1926 फिरवायचा. 2021 च्या सप्टेंबरात इथे हल्ले वाढले, तेव्हा झाडांना कॅमेरे लागले, पिंजरे आले, सापडलेल्या जनावराच्या अंगावरचे ठिपके फोटोतल्या ठिपक्यांशी ताडून पाहिले गेले. भलताच बिबट्या आत जायला नको ना! एका आजींनी तर नुसत्या काठीने त्याला हुसकावून लावलं आणि ते सीसीटीव्हीतलं दृश्य देशभर फिरलं.

बिबट्याचं एक बरं असतं. त्याला साहेब नसतो. त्यामुळे ‘एवढी ड्यूटी उरक, मग बघू’ असं त्याला कुणी सांगत नाही.

आरेतून खाली उतरलं की दिंडोशीचं सत्र न्यायालय लागतं. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई सुपरफास्टमध्ये झालेल्या हत्याकांडाचा खटला याच कोर्टात उभा राहिला. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचा कॉन्स्टेबल चेतनसिंह. मेले ते त्याचे वरिष्ठ टिकाराम मीणा आणि तीन मुसलमान प्रवासी, तेही वेगवेगळ्या डब्यांत गाठून. सोबतच्या शिपायाच्या जबाबानुसार त्या रात्री चेतनसिंह म्हणत होता, बरं वाटत नाही, वलसाडला उतरू द्या. फोनाफोनी झाली. उत्तर आलं, मुंबई गाठा, औषधपाणी तिथे बघू. गाडीला वलसाडला थांबा होता. त्याला मात्र मुंबईपर्यंत नव्हता.

पुढे खरी करमणूक सुरू झाली. दोन दिवसांनी रेल्वेचं निवेदन निघालं की, नियमित वैद्यकीय तपासणीत मनाचा काही आजार आढळला नव्हता. उपचार त्याने खासगीत घेतले आणि त्याने व घरच्यांनी ते लपवून ठेवले. निवेदनाची शाई वाळते न वाळते तोच ते मागेही घेतलं गेलं. मग जामिनासाठी बचाव पक्ष म्हणाला, याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सरकार पक्ष म्हणाला, छे, पुरतं ठिकाणावर होतं, आणि धर्माच्या नावाने वैर पसरवल्याचं कलमही लावलं. या बाबतीत मी सरकार पक्षाच्या बाजूने आहे. माणसांची दाढी बघून निवड करण्याच्या रोगावर अजून तरी गोळी निघालेली नाही, आणि वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मात त्याचा रकानाही नाही.

तरी दर गोळीबारानंतर एक सूचना हमखास येते: मानसोपचारतज्ज्ञांना सक्ती करा, धोकादायक पेशंट दिसला की कळवलंच पाहिजे! आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर जेवढ्यास तेवढी सांगायची मुभाही देतो. मुभा आहे, सक्ती नाही. न्यूयॉर्कने 2013 मध्ये सक्ती करून पाहिली. वर्षा-दीड वर्षात साडेचौतीस हजारांच्या आसपास नावं गोळा झाली आणि त्यांत पिस्तुलाचा परवाना असलेले तीनशेसुद्धा निघाले नाहीत. कॅलिफोर्नियाची कथा तर याहून बोधप्रद आहे. 1969 मध्ये बर्कलीतल्या एका डॉक्टरने कॅम्पसच्या पोलिसांना लेखी कळवलं होतं की, हा विद्यार्थी एका मुलीचा जीव घेईल. पोलिसांनी त्याला आणलं, चार प्रश्न विचारले, ‘शहाणा दिसतोय’ म्हणून सोडून दिलं. पुढे मुलीचा खून झाला आणि 1976 मध्ये कोर्टाने जबाबदारीची आठवण करून दिली ती डॉक्टरांना.

आपल्याकडे सक्ती आली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्या कमरेला सरकारी पिस्तूल आहे तो डॉक्टरची पायरीच चढणार नाही. आजही कोण चढतो म्हणा! आरेतच पोलिसांच्या फोर्स वन कमांडोंचा तळ आहे, शेजारी गोरेगावात राज्य राखीव पोलिसांचा गट आहे. अशा वस्तीत ‘झोप येत नाही, डोक्यात भलतंसलतं येतं’ असं एखाद्याने बोलून दाखवलं, तर ते आधी कँटीनमध्ये पोचतं आणि मग बढतीच्या फायलीत.

खासगी परवान्याला मात्र कागद लागतो. 2016 च्या नियमांप्रमाणे अर्जदार शरीराने आणि मनाने धड आहे, असं प्रमाणपत्र जोडायचं. परवान्याची मुदत पाच वर्षं. त्या पाच वर्षांत माणसाचा धंदा बुडेल, भाऊबंदकी पेटेल, बायको माहेरी जाईल. प्रमाणपत्रावरचं मन जागचं हलत नाही. शिवाय ते मन परवानाधारकाचं. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या पिस्तुलाचा परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर होता आणि चाप अंगरक्षकाच्या मालकाने ओढला. आता डॉक्टरने तपासायचं कुणाला?

बरं, सक्ती आलीच आणि एखाद्या डॉक्टरने धीर करून कळवायचं ठरवलं, तर जायचं कुठे? अर्थातच पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये. दहिसरच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरच्या हिल लाइन ठाण्यात तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाडांनी शिंदे गटाच्या महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या, त्या नेमक्या अशाच केबिनमध्ये. वाहिनीला फोनवरून कबुलीही त्यांनी स्वतःच दिली. कळवायला डॉक्टरच हवा, असं कुठं आहे?